थकलेल्या बहिणीचा भार

मार्काच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायातील स्त्री आपणांस ठाऊक आहे. ती 12 वर्षे रक्तस्रावाने पीडलेली होती; वैद्यांपायी तिचे सर्व द्रव्य सरले, तरी गुण आला नाही. तिचा वैद्यांवरील विश्वास उडाला असेल, तर तिला दोष कोण देईल?

डहाणू व तलासरीच्या पाड्यांतही अशा बहिणी आहेत. भातलावणीस वाकताच त्यांस धाप लागते, सांधे ठणकतात, रात्रभर निजूनही शीण जात नाही. दवाखान्यात कोणी खेकसले, म्हणून त्या पुन्हा तेथील पायरी चढत नाहीत. आणि आपण त्यांस आळशी म्हणतो! हे आपले पाप आहे.

हा शीण रक्तक्षयाचा असेल, क्षयाचा असेल, किंवा आईबाप दोघांकडून येणाऱ्या सिकलसेलचा असेल. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. रक्त तपासल्यावाचून हा भेद भगतास कळत नाही, आणि आपल्या प्रार्थनासभेसही कळत नाही. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी सरकारने 2023 साली राष्ट्रीय मोहीमही आरंभिली आहे.

प्रभूने गर्दीत थांबून त्या स्त्रीचे सर्व म्हणणे ऐकले व तिला मुलगी म्हटले. लूक तर स्वतः वैद्य होता. म्हणून उपदेशकांनी अशा बहिणीबरोबर दवाखान्यात जावे, तिची हकीकत नीट सांगण्यास साहाय्य करावे, आणि एकाने न ऐकल्यास दुसऱ्याकडे न्यावे. उडालेला विश्वास सोबतीनेच परत येतो. तेवढी वाट चालण्याचे बळ देव आपणांस देवो.