धावणे कोणासाठी?



आमच्या मंडळीतील एक भगिनी शाळेत शिक्षिका आहेत. गेली बारा वर्षे त्या संडे स्कूलचा बालवर्गही घेतात. मुले मोठी झाली, सासूबाईंचे लांबलेले आजारपण संपले आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पहाटे धावण्यास सुरुवात केली. प्रथम नुसते चालणे, मग रस्त्यावरच्या दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावणे, असे करीत करीत गेल्या हिवाळ्यात त्यांनी गावातील दहा किलोमीटरच्या शर्यतीत भाग घेतला. शर्यत रविवारी पहाटे होती. ती पुरी करून, घरी जाऊन, साडी नेसून त्या साडेनऊच्या उपासनेला नेहमीच्या बाकावर हजर होत्या.

उपासनेनंतर चहाच्या वेळी बातमी फुटली. बालवर्गातील मुलांनी त्यांचे पदक आळीपाळीने गळ्यात घालून पाहिले. तेवढ्यात कोणी तरी विचारले, "कोणत्या कार्यासाठी धावलात, बाई? निधी किती जमला?"

बाई गोंधळल्या. "निधी वगैरे काही नाही हो," त्या म्हणाल्या, "मला आवडतं म्हणून धावले." आणि ते पदक मुलांकडून मागून घेऊन त्यांनी पर्समध्ये ठेवून दिले.

तो प्रश्न विचारणारे आम्हीच होतो.

आमचा हेतू वाईट नव्हता. परंतु घरी परतताना ते पर्समध्ये गेलेले पदक मनातून जाईना. आमच्याच मंडळीतील तरुण दर शनिवारी मैदानावर क्रिकेट खेळतात. कोणत्या कार्यासाठी खेळता, असे आम्ही त्यांना कधी विचारलेले नाही. मग बाईंकडेच हिशेब का मागितला? आणि त्यांनाही आपण काही चुकीचे केले असे का वाटावे? केवळ आनंदासाठी धावणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला आहे. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

निधीसाठी धावणारे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सत्कार्यासाठी धावणाऱ्यांना कमी लेखण्याचा आमचा मुळीच विचार नाही. कॅनडाचा टेरी फॉक्स हा तरुण आठवावा. १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. १२ एप्रिल १९८० रोजी, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करावा म्हणून, त्याने कृत्रिम पायावर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावण्यास आरंभ केला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, असे १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबर रोजी थंडर बे या शहराजवळ त्याला थांबावे लागले, कारण रोग फुप्फुसांत पोहोचला होता. जून १९८१ मध्ये तो मरण पावला. त्याच्या नावाने होणाऱ्या दौडीतून जमलेल्या पैशाने किती रोग्यांचे भले झाले असेल, हे देवच जाणे.

आपल्याकडेही २००४ साली मुंबईत मोठी मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून तिच्या निमित्ताने अनेक सेवाभावी संस्थांना कोट्यवधी रुपये मिळाले आहेत. हे चांगलेच आहे. आपल्या कापणीच्या सणाला आपण दुसरे काय करतो? वीस रुपयांचा भोपळा लिलावात दोनशे रुपयांना घेतो, हसतो, एकमेकांना चढवतो आणि मंडळीच्या कार्याला मदत होते. आनंद आणि दान एका अंगणात सुखाने नांदू शकतात, याबद्दल आम्हांला शंका नाही.

मग आमची अडचण कोठे आहे? ती अशी, की दान हा आनंदाचा सोबती न राहता त्याचा परवाना होऊन बसतो. "मी धावतो, पण काळजी करू नका, एका चांगल्या कार्यासाठी धावतो," असे म्हटल्यावाचून धावणाऱ्याला संकोच वाटतो आणि ऐकणाऱ्यालाही. यात दोन्हींचे नुकसान होते. आनंद खोटे बोलायला शिकतो, कारण त्या मनुष्याला खरोखर धावायचेच असते. आणि दान रस्त्यावर येते. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले की दान करताना पुढे कर्णा वाजवू नये, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये. छातीवर कार्याचे नाव छापलेला सदरा घालून धावणारा प्रत्येक जण कर्णा वाजवतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सदरा नसलेल्याला "तू का घातला नाहीस?" असे आपण विचारू लागलो, की कर्णा आपल्या हाती आला असे समजावे.

लिडेल आणि चौगुले

संडे स्कूलच्या शिक्षकांना एरिक लिडेलची गोष्ट ठाऊक आहे. १९०२ साली चीनमधील तिएन्त्सिन येथे, लंडन मिशनरी सोसायटीच्या स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. याच सोसायटीने १८२० साली बेळगावात काम सुरू केले होते, हे तेथील वाचकांना माहीत असेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली, म्हणून लिडेलने ती शर्यत सोडली आणि ११ जुलै रोजी चारशे मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. आपण ही गोष्ट नेहमी प्रभुवार पाळण्याचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्याने एक शर्यत सोडली, त्याने दुसरी का धावली, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. त्याने कोणासाठी निधी जमवला नव्हता. त्याला धावणे आवडत होते. मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून, हात वेडेवाकडे फेकीत तो धावे. पाहणारे हसत आणि मग तो जिंकलेला पाहत.

त्याच्या जीवनावर १९८१ साली निघालेल्या 'चॅरिअट्स ऑफ फायर' या चित्रपटात, आपण धावतो तेव्हा देवाला होणारा आनंद आपल्याला जाणवतो, अशा अर्थाचे एक वाक्य त्याच्या तोंडी आहे. उपदेशांतून ते लिडेलचे म्हणून सांगितले जाते. वास्तविक ते पटकथाकार कॉलिन वेलंड यांचे आहे. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. पण लिडेलने स्वतः जे केले, ते त्या वाक्याहून कमी बोलके नाही. १९२५ साली तो मिशनरी होऊन चीनला गेला. पुढे युद्धकाळात वेइश्येन येथील जपानी बंदिछावणीत तो मुलांना शिकवी आणि त्यांचे खेळ घेई. रविवारी खेळ घेणे त्याच्या नियमात बसत नव्हते. परंतु एका रविवारी मुले पंचाशिवाय हॉकी खेळली आणि भांडण जुंपले. तेव्हा ज्या माणसाने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तोच रविवारी मैदानात पंच म्हणून उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी जो नियम त्याने मोडला नाही, तो बंदिवासातील मुलांच्या खेळासाठी बाजूला ठेवला. तेथेच २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो प्रभूकडे गेला. मुलांचा खेळ ही क्षुल्लक गोष्ट आहे असे त्याला वाटले असते, तर तो मैदानात आला असता काय?

दुसरे नाव अधिक जवळचे आहे. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी खेड्यांतील माणसे पाहिली. त्यांचे धावणे पाहून यांना ऑलिंपिकला पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचा पैसाही घातला. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या त्या संघात बेळगावचा फडेप्पा दारेप्पा चौगुले होता. मॅरेथॉनमध्ये त्याचा एकोणिसावा क्रमांक आला. येथे गंमत पाहावी. धावणाऱ्याने कोणासाठी पैसा उभा केला नाही. उलट दुसऱ्याने पैसा देऊन त्याला धावू दिले. कोणाला मनसोक्त धावता यावे म्हणून खर्च करणे, हेही दानच नव्हे काय?

शास्त्र काय सांगते?

पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा दाखला दिला (१ करिंथ ९), कारण करिंथजवळच इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे. तो कोमेजणारा मुकुट आहे, असे पौल म्हणतो. पण म्हणून धावू नका असे तो म्हणत नाही. एकोणिसाव्या स्तोत्रात सूर्याची उपमा आनंदाने धाव घेणाऱ्या वीराशी आहे. आणि जखऱ्या संदेष्टा (८:५) पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र काढतो, तेव्हा तिच्या रस्त्यांत मुलेमुली खेळत आहेत असे दाखवतो. ती मुले कशासाठी खेळतात? कशासाठीच नाही. देवाने नगरी वसवली म्हणून खेळतात.

परंतु आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो बेथानीच्या प्रसंगाने (योहान १२). मरीयेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले, आणि हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असा प्रश्न निघाला. तो प्रश्न आमच्या चहाच्या वेळच्या प्रश्नाचा थोरला भाऊ आहे. अर्थात मरीयेचे तेल प्रभूसाठी होते आणि बाईंचे धावणे स्वतःसाठी होते. हा भेद आम्ही लपवीत नाही. तरी प्रभूच्या उत्तरातील एक गोष्ट दोन्हींना लागू पडते. गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत, हे तो आठवून देतो. म्हणजे त्यांचे देणे रोजचे आहे. शर्यतीच्या दिवशी ते वाढत नाही आणि न धावल्याने फिटत नाही. ते ज्याचे त्याने, ज्या त्या दिवशी, गुपचूप द्यायचे आहे. बाई किती दान देतात हे आम्हांला ठाऊक नाही, आणि ठाऊक असू नये.

आनंदाचा हिशेब

मग आनंदासाठी धावणाऱ्याला काहीच विचारू नये काय? विचारावे, पण योग्य ते विचारावे. आपण धावतो त्या वेळी घरचा स्वयंपाक, मुलांचा डबा, आजाऱ्याचे औषध कोण पाहते? आपल्या आनंदाची किंमत दुसराच कोणी मुकाट्याने भरत असेल, तर तेथे दोष आहे. बुटांचे आणि प्रवेशाचे पैसे घरखर्चातून जाताना घरी सर्वांना पसंत आहे काय? धावून परतलेला मनुष्य घरच्यांशी अधिक प्रेमाने वागतो, की आपल्या वेळेची मिनिटे मोजत बसतो? रस्ते मोकळे असतात म्हणून बहुतेक शर्यती रविवारी सकाळी होतात. एखादा रविवार वेगळा, पण एकामागून एक रविवार उपासनेचे बाक रिकामे राहू लागले, तर पाळकांनी प्रेमाने जवळ बसून बोलावे. मात्र हे सर्व प्रश्न निधीसाठी धावणाऱ्यालाही तितकेच लागू आहेत. कार्याचे नाव घेतल्याने रिकामा बाक भरत नाही, की घरी एकट्याने राबणाऱ्याचे ओझे उतरत नाही.

आणखी एक. आपल्या घरांत पुरुषाच्या करमणुकीला कारण लागत नाही. स्त्रीच्या करमणुकीला लागते. भरतकाम केले तर ते विक्रीसाठी, गायली तर ते उपासनेसाठी, चालली तर ते डॉक्टरांनी सांगितले म्हणून. "मला आवडतं" एवढे तिने म्हटले, की आपण पुढच्या वाक्याची वाट पाहतो. त्या रविवारी आम्हीही पाहत होतो. ज्या बाई बारा वर्षे आमच्या मुलांना, देवाने सर्व काही चांगले निर्माण केले, असे शिकवीत आल्या, त्यांच्याच पायांतील बळ तेवढे आम्हांला विनाकारण वाटले.

शिक्षक बंधुभगिनींना आमची एक सूचना आहे. यंदाच्या सहलीत लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, तीन पायांची शर्यत हे सर्व ठेवाच. पण एक धाव अशीही ठेवा, जिला बक्षीस नाही, वर्गणी नाही आणि तात्पर्यही नाही. मैदानाच्या या टोकापासून त्या झाडापर्यंत, लहान-थोर सर्वांनी, वाटेल तसे धावावे. मुलांना कारण विचारावे लागणार नाही. मोठ्यांनाही कदाचित आठवेल.

आम्ही त्या बाईंची भेट घेऊन क्षमा मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो. पुढची शर्यत फेब्रुवारीत आहे." या वेळी उपासनेनंतर आम्ही त्यांना इतकेच विचारणार आहोत, "मजा आली काय?"