लगाम कुणाच्या हाती?



आजच्या वाचनात गीतेच्या १८व्या अध्यायातला ६३वा श्लोक होता. सगळं ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला नीट विचार करायला सांगतात आणि निर्णय त्याच्यावरच सोडतात. हाच अर्जुन पहिल्या अध्यायात थरथरत होता, हातातून गांडीव निसटत होतं. तो आजार नव्हे, मान्य. पण मन ठिकाणावर नाही, असं तो स्वतःच सांगतो. तरीही भगवंतांनी फक्त घोड्यांचा लगाम धरला, अर्जुनाचा नाही.

आज हे मनात घोळतंय ते दादामुळे. गंगाखेडच्या माझ्या मावशीचा हा मुलगा. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, पण गोळ्या नियमित घेतो आणि रोज संध्याकाळी एकटाच गोदावरीच्या घाटावर जाऊन बसतो. मावशीने सत्तरी ओलांडली. "माझ्या माघारी ह्याचं कसं रे?" एवढाच तिचा प्रश्न.

म्हणून एका लांबच्या निवासाची चौकशी केली. जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ. पण गेटला कायम कुलूप, फोन आठवड्यातून एकदा, नियम सगळ्यांना सारखेच. मावशी म्हणाली, "सांभाळतात तरी." दादाने विचारलं, "तिथं संध्याकाळी एकट्याला बाहेर जाता येतं का?"

दोघांचंही खरं आहे. आजार बळावला तर त्याला त्या वेळी निर्णय झेपणार नाही, ही मावशीची भीती खोटी नाही. पण २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याचाही विचार केलाय. कलम ५ प्रमाणे माणूस बरा असतानाच लिहून ठेवू शकतो, की आजारपणात उपचार कसे हवेत आणि कसे नकोत. कलम ९७ प्रमाणे बांधून ठेवणं तेव्हाच, जेव्हा तात्काळ धोका टाळायला दुसरा मार्गच नसतो. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. म्हणजे बंधनाला कारण हवं आणि शेवटही हवा.

आमच्या ऑफिसात कुणाचा ॲक्सेस काढला तरी कारण नोंदवावं लागतं. मग माणसाची संध्याकाळ काढून घेताना नको?

मला वाटतं, काळजी आणि कैद यांतला फरक इथेच कळतो. काळजी करणारा उद्या कुलूप काढता येईल का, हे रोज बघतो. कैद करणाऱ्याला तो प्रश्नच पडत नाही.

पुढची जागा बघायला दादा सोबत येतोय. प्रश्न तोच विचारेल.

जय हरी!