चार एकर उसाचे पाणी

वसमत भागात पिण्याच्या पाण्याची ओरड सुरू झाली की पहिले बोट आभाळाकडे जाते. मराठवाडाच दुष्काळी, त्याला कोण काय करणार! पण हा तालुका पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात आहे. वर येलदरी धरण, त्याची साठवणक्षमता 900 दशलक्ष घनमीटरांहून अधिक. खाली सिद्धेश्वर, आणि तिथून निघालेले कालवे या शिवारात येतात. त्यांच्यावर इथे ऊस उभा राहिला, पूर्णा सहकारी साखर कारखाना चालला, आणि इथल्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आता साधा हिशेब मांडू. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले, तर 2,000 वस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे 40,000 घनमीटर पाणी लागते. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी साधारण 25,000 घनमीटर लागते. म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षभराचे पिणे, स्वयंपाक, धुणी-भांडी चार एकर उसाच्या पाण्यात भागते. खडकपूर्णा धरण झाल्यापासून येलदरीची आवक घटली, हे खरे. पण गरज एवढीशी असताना तुटीचा पहिला फटका घागरीलाच का बसावा, याचे उत्तर आभाळाकडे नाही.

कालव्याचे पाणी प्रत्येक गावाच्या टाकीत पडत नाही, असे यावर कोणी म्हणेल. बरोबर आहे, बऱ्याच गावांची योजना विहिरीवर किंवा बोअरवर असते. पण तिथेही गोष्ट तीच. इथला खडक काळा पाषाण. पाणी साठते ते त्याच्या भेगांत. सार्वजनिक विहिरीच्या शेजारी कोणी खोल बोअर मारली की विहीर उघडी पडते. हे रोखायला राज्याने 1993 मध्येच कायदा केला. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही, असे त्यात होते. पुढे 2009 चा भूजल कायदा आला. कागद कमी पडला नाही. मात्र बोअर मारणारा शेजारी असतो, मतदार असतो, कधी सरपंचाचा भाऊबंद असतो. आणि उभे पीक वाळत असताना त्याला अडवायचे कोणत्या तोंडाने, हा प्रश्न खोटा नाही. तरीही पुढचा प्रकार पाहा. उन्हाळ्यात गावची विहीर आटली की प्रशासन खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करते, मालकाला मोबदला देते. गावच्या विहिरीतून ओढले गेलेले पाणी जनतेच्याच पैशाने परत घ्यायचे, याला टंचाई निवारण म्हणतात!

पाणी पुरेसे असले तरी ते शुद्ध राहणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते खरे दुखणे इथे आहे. नळ चार दिवसांआड येतो, दाब कमी असतो, म्हणून लोक दारात खड्डा खणून नळ जमिनीखाली घेतात. तोटी नसते. कोणी थेट लाइनला मोटर लावतो. पाणी थांबले की रिकाम्या पाइपात खड्ड्यातले आणि फुटक्या जोडातून गटारातले पाणी मागे ओढले जाते. त्यावर उपाय म्हणून टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची आणि शेवटच्या घरी ओटी टेस्ट घ्यायची; क्लोरीन असेल तर पाणी पिवळे दिसते. पावडर ओलसर जागी पडून राहिली तर तिचा जोर उतरतो, आणि टेस्ट पिवळी येत नाही. स्वच्छ पाणी म्हणजे हे रोजचे, कंटाळवाणे काम. ते करणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार रखडलेला असेल तर कोट्यवधीची योजनाही त्या खड्ड्यातच जाते. 2019 मध्ये देशात 3.23 कोटी ग्रामीण घरांत नळ होता, आता ती संख्या 15 कोटींच्या पुढे गेली आहे. ही लहान कामगिरी नव्हे. पण मोजले गेले ते नळ.

लोक पाणीपट्टीच भरत नाहीत, मग ग्रामपंचायतीने करायचे काय? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वसुली नाही म्हणून वीजबिल थकते, वीज तुटली की पाणी बंद, आणि पाणी बंद म्हणून पट्टी कोणी भरत नाही. पण तीच माणसे विकतच्या पाण्याच्या जारला रोख पैसे मोजतात. तेव्हा पैसे नाहीत असे म्हणता येत नाही, विश्वास नाही. जारने प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी एवढे पाहावे की जार गार आहे हे हाताला कळते, शुद्ध आहे की नाही ते कळत नाही. शिवाय मजुराच्या घरी जार येत नाही, आणि ज्यांच्या घरी येतो ते नळाबद्दल भांडणे सोडून देतात. गावातली बोलकी माणसे अशी बाजूला झाली की नळ मुक्या माणसांचा उरतो. संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्ये पाणी हा मानवी हक्क मानला. हक्कदाराला गिऱ्हाईक केल्याने हक्क मिळत नाही.

म्हणून येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत नव्या टाकीची मागणी करण्याआधी ओटी टेस्टची नोंदवही मागा. शेवटच्या घराची नोंद कोणत्या तारखेची आहे, ते मोठ्याने वाचायला लावा.