ब्रांच जुनी झाली हे कोणी ठरवायचं?

गिटमधली ब्रांच ही एरवी एक चिमुकली फाइल असते. 40 अक्षरांचा हॅश आणि ओळ संपल्याची खूण, एकूण 41 बाइट. तेव्हा जुन्या ब्रांच काढून जागा वाचते, हा युक्तिवाद पोकळ आहे. यादीत बेवारस नावांची गर्दी झाली की चालू काम कोणतं ते नव्या माणसाला उमगत नाही, हे कारण मात्र खरं. अडचण येते ती उपप्रकल्पात. मुख्य प्रकल्प उपप्रकल्पाला सबमॉड्यूल म्हणून जोडतो तेव्हा मुख्य प्रकल्पाच्या इतिहासात उपप्रकल्पाच्या एका कमिटचा हॅश तेवढा नोंदला जातो, आणि उपप्रकल्पाला याचा पत्ताही नसतो. सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना असतो. इथे तसा रकानाच नाही. म्हणून ब्रांच निरुपयोगी झाली की नाही, याचा निवाडा एकट्या उपप्रकल्पाच्या कागदपत्रांवरून होऊ शकत नाही.

मर्ज झालेल्याच ब्रांच काढतो, मग बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. साध्या मर्जमध्ये काहीच बिघडत नाही. जुने कमिट मुख्य ब्रांचच्या पूर्वजांत जाऊन बसतात. पण स्क्वॉश केलं की सगळ्या बदलांचा एक नवाच कमिट तयार होतो. चाचणीच्या दिवसांत मुख्य प्रकल्पाने ज्या कमिटवर बोट ठेवलं होतं, तो ब्रांचबरोबर अनाथ होतो. बेअर रेपॉझिटरीत रिफलॉग मुळात बंद असतो आणि दोन आठवड्यांहून जुन्या अनाथ वस्तू गिटची सफाई झाडून टाकते. त्यानंतर एखादा दोष कधी शिरला हे शोधायला कोणी बायसेक्ट चालवलं, तर तेवढा टप्पा उभाच राहत नाही. मुख्य प्रकल्पाने नोंद पुढे सरकवावी, हा सल्ला आजच्या कमिटपुरता ठीक. मागची नोंद बदलायची तर तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात.

म्हणून ब्रांच काढण्याआधी तिच्या टोकाला टॅग लावावा. गर्दी नुसती टॅगच्या यादीत गेली, हा आक्षेप रास्त आहे, पण टॅगच्या यादीत कोणी चालू काम शोधायला जात नाही. खुल्या प्रकल्पाला आपले सगळे वापरकर्ते ठाऊक असणं अशक्यच. तिथे जबाबदारी जोडणाऱ्याची: प्रकाशित आवृत्तीच्या टॅगलाच जोडावं, नाहीतर स्वतःची प्रत सांभाळावी. पुश करताना सबमॉड्यूलचे कमिट रिमोटवर पोचलेत का हे तपासायची सोय गिटमध्ये आहे, पण ती त्या घडीपुरती. सहा महिन्यांनी पलीकडे कोणी ब्रांच काढली, तर ती सोय काही बोलत नाही.