दुसऱ्याचा टाका

दिवाळीच्या आधी माळा आवरायला घेतला, की एक पत्र्याची ट्रंक खाली उतरते. तिच्यात पितळेच्या दोन समया, वडिलांच्या नोकरीचे काही कागद आणि तळाशी एक दुपटे. टाकून द्यावे असे त्यात काही नाही आणि वापरावे असेही काही नाही. म्हणून दरवर्षी ते सारे उन्हात ठेवून आम्ही पुन्हा ट्रंकेत भरतो. दुपटे माझ्या धाकट्या भावाचे. त्याच्या डोक्यावर आता एक केस उरलेला नाही. दुपट्याचे मात्र नऊही चौकोन शाबूत आहेत. त्यांतले दोन चौकोन जरा अधिकच नीट शिवलेले आहेत. त्या दोन चौकोनांवरून हात फिरवताना मला अजून चोरट्यासारखे होते.

गोष्ट १९६९ सालच्या थंडीतली. आम्ही ठाण्याला, रुळांच्या पूर्वेला, कोपरीत राहत होतो. मागे खाडी आणि पुढे स्टेशन, अशी आमची वस्ती. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे येथे स्थिरावलेली. जवळच चेंदणीचा कोळीवाडा, ज्याच्या मधून रेल्वे गेल्यामुळे तो अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे झालेला. आणि उरलेले आम्ही, घाटावरून किंवा कोकणातून नोकरीसाठी आलेले. दुपारची जेवणे आटोपली, की आमच्या चाळीच्या गॅलरीत चौघीजणी गोधडी घालायला बसत. माझी आई, शेजारच्या वाईच्या आजी, पलीकडची सिंधी अम्मा आणि कोळीवाड्यातली मावशी. मी अकरा वर्षांची. सुया ओवून देणे हे माझे काम.

एरवी गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा आणि कडेकडून आत धावदोरा घालीत यायचे. पण आईला दिवस गेले होते, आणि अम्माने हट्ट धरला की बाळाचे दुपटे तिच्या सिंधच्या रल्लीसारखे चौकोनांचे करायचे. प्रत्येकीने दोन चौकोन घरी करून आणायचे, मधला नववा सगळ्यांनी मिळून. त्या नवव्या चौकोनाच्या पोटात वाईच्या आजींनी चार तांदूळ घातले. गोधडी उपाशी ठेवू नये, असे त्या म्हणत.

आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो अजून ‘पिकायचा’ होता. त्या काळी पिकल्याखेरीज तो काढीत नसत. त्यांच्या दोन चौकोनांवरचे टाके बोटबोट लांब पडले होते. लांब टाक्यात तान्ह्या बाळाचे बोट अडकते, आणि गुंडाळलेल्या बाळाचे बोट अडकलेले लवकर कळतही नाही. आईची काळजी उगाच नव्हती. तिने दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या रात्री दिव्याखाली बसून आजींचे टाके उसवले आणि बारीक धावदोरा घातला. सुई मीच ओवून दिली. “कुणाला बोलू नकोस हं,” आई म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल.”

दुसऱ्या दिवशी चौकोन जोडायला घेतले. आजींनी आपला चौकोन मांडीवर घेतला, अंगठा एकदा उभा फिरवला, एकदा आडवा. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पोरी, मी तुझ्याकडून सुई ओवून घेत होते ना रोज? मग माझे डोळे गेलेत हे मी लपवलं होतं का?”

प्रश्न मला होता, पण उत्तर आईने द्यायचे होते. आईने दिले नाही. त्या थंडीनंतर आजी गॅलरीत येत, कड धरून बसत, गप्पाही मारीत. सुई मात्र त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही.

पन्नासांहून अधिक वर्षे मी हा खटला मनात चालवीत आले आहे. आईच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दुपटे आजींच्या मानासाठी नव्हते, बाळासाठी होते. उसवले नसते तर उद्या काही झाल्यावर आजींनाच आयुष्यभर लागून राहिले असते. आणि आपण सगळेच असे करीत असतो. दिवाळीत धाकटी मुलगी दारात वेडीवाकडी रांगोळी काढते आणि ती आंघोळीला गेली की आई हळूच दोन रेषा सरळ करते. शेजारणीच्या तुटक्या चकल्या ताटात खाली जातात आणि वर आपल्या येतात. याला कोणी पाप म्हणणार नाही. पण रांगोळी संध्याकाळी पुसली जाते. गोधडी वीसवीस वर्षे अंगावर राहते आणि तिच्यात शिवलेले सारे तितकीच वर्षे टिकते.

अम्माचे म्हणणे अगदी वेगळे होते. तिच्या घरी एक जुनी रल्ली होती. १९४७ मध्ये कराचीहून बोटीने मुंबईला येताना तिने भांडी त्या रल्लीत बांधून आणली होती. तिचा एक कोपरा तिच्या बहिणीने शिवलेला होता, सगळ्यांत वाकडा. बहीण त्या बोटीत चढली नव्हती. आजींचा प्रकार कळल्यावर अम्मा आईला आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, “सीधा टाका सगळ्यांचा एकच दिसते. टेढा ज्याचा त्याचा.” आई चिडली. “आणि बाळाचं बोट अडकलं तर?” यावर अम्मापाशी उत्तर नव्हते. दोघीही बरोबर होत्या, आणि म्हणूनच तो वाद कधी मिटला नाही.

पुढे वाचनात आले, की हा प्रश्न आमच्या गॅलरीपुरता नव्हता. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९६६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. घरच्या थंडीसाठी गोधड्या शिवणाऱ्या या बायका दुकानांसाठी शिवू लागल्या. १९७२ मध्ये त्यांना सीअर्स या बड्या कंपनीकडून उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. दुकानाला शंभरावा अभ्रा पहिल्यासारखाच लागतो. तेथे वाकडा टाका उसवलाच पाहिजे, आणि त्यात कोणाचा अपमानही नाही, कारण हा नियम कामाला बसण्यापूर्वी सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्याकडे बचत गटांत विक्रीच्या गोधड्या होतात, तेथेही हेच. याच्या उलट टोक १९८७ सालचे. एड्सने गेलेल्या माणसांच्या नावाने त्यांच्या आप्तांनी कापडी पट्टे शिवले, प्रत्येक तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण थडग्याएवढा. त्या ऑक्टोबरात असे १९२० पट्टे वॉशिंग्टनच्या हिरवळीवर अंथरले गेले. ज्यांनी आयुष्यात कधी सुई धरली नव्हती अशांनीही ते शिवले होते. त्यांतला एखादा टाका सरळ करण्याचा अधिकार कोणाला होता?

बाळाचे दुपटे या दोन टोकांच्या मध्ये पडते, आणि आपल्या घरातली बहुतेक कामे अशीच मध्ये पडतात. त्यांना दुकानाची शिस्त लावता येत नाही, आणि बाळाचे बोट विसरून नुसते प्रेमही करता येत नाही.

मला वाटते, आईने उसवले यात तिची चूक नव्हती. चूक होती ती रात्रीची. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून आपण गुपचूप करतो, असे आपण स्वतःला सांगतो. पण खोलात गेले तर जे टाळलेले असते ते आपलेच अवघडलेपण असते. आजींसमोर बसून “आजी, टाके लांब पडलेत, काय करू या?” एवढे म्हणायला आईला धीर झाला नाही. आजींना मात्र रोज एका अकरा वर्षांच्या मुलीपुढे सुई धरायला धीर होत होता. आईने त्यांना दुखवले नाही, वगळले. चौघींतल्या एकीला, तिला न विचारता, काम करणाऱ्यांतून काढून सांभाळण्याच्या माणसांत बसवले. हे किती सहज होते! आणि किती मायेने!

हे लिहिणे मला सोपे जाते, कारण येथे आरोपी आई आहे. पण पुढचेही सांगायला हवे. शेवटच्या वर्षांत आईची नजर गेली. तरी ती रोज सकाळी ताट घेऊन तांदूळ निवडायला बसे. एकदा निवडता निवडता तिने विचारले, “माझ्या मागून तू पुन्हा निवडतेस का ग?”

“नाही ग,” मी म्हटले.

मी रोज निवडीत होते. आईने मान हलवली आणि ती निवडीत राहिली. तिने विश्वास ठेवला की मला माफ केले, हे मला आजतागायत कळलेले नाही. आजींचा अंगठा तिला आठवला असणारच. मला तर त्या क्षणी तेवढेच आठवत होते.

मागच्या वर्षी आमच्या इमारतीतल्या सहासातजणींनी एका नातवासाठी असेच चौकोनांचे दुपटे करायला घेतले. चाळीच्या जागी आता सात मजले आहेत, गॅलरी नाही. आम्ही गच्चीच्या जिन्यापाशी बसतो. माझ्या एका मैत्रिणीच्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. तिचा चौकोन माझ्याकडे आला आणि मी तो रात्री दिव्याखाली धरला. तेच टाके, बोटबोट लांब. कात्री हाताशी होती. बराच वेळ बसले, आणि मग चौकोन तसाच ठेवून झोपले. सकाळी तिच्या घरी गेले आणि म्हटले, “अगं, टाके लांब पडलेत. बाळाचं बोट अडकेल.”

ती रागावली. “मग तूच कर सगळं,” म्हणाली आणि आठ दिवस खाली उतरली नाही. त्या आठ दिवसांत मला आईची पुष्कळ आठवण आली. तिचा मार्ग किती सुखाचा होता, हे कळले. नवव्या दिवशी मैत्रीण आली, चौकोन मागून घेतला आणि स्वतः उसवला. उसवणे तिला छान जमले. पुन्हा घातलेले टाके आधीसारखेच पडले. मग तिने मला बाजूला बसवले, आणि तिच्या प्रत्येक ओळीच्या मधून मी एक बारीक ओळ घातली. तिची ओळ वाकडी, माझी सरळ. दिसायला ते दुपटे काही सुंदर झाले नाही.

महिन्याभराने बाळाच्या आईचा फोन आला. दुपटे ऊबदार आहे, पण काल एका टाक्यात बाळाचा अंगठा अडकला होता. लगेच लक्षात आले म्हणून बरे. कोणत्या चौकोनात, असे विचारायला माझी जीभ रेटेना, पण तिनेच सांगितले, हिरव्या ठिपक्यांच्या.

हिरव्या ठिपक्यांचा चौकोन माझा होता. मी लगेच मैत्रिणीला फोन लावला. ती पुष्कळ वेळ हसत होती.