प्राध्यापकाचे वेतन : मोल की योगक्षेम?

विद्या विकावी काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीने वेतन घेऊन शिकविणाऱ्या 'भृतकाध्यापका'स श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य मानिले, आणि कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त केवळ उपजीविकेसाठी विद्या बाळगणाऱ्यास ज्ञानाचा वाणी ठरविले. आज वेतन न घेणारा प्राध्यापक शोधूनही सापडावयाचा नाही. तरी त्या जुन्या तिरस्काराची छाया अद्यापि पुरती गेलेली नाही. प्राध्यापकाने पगाराचा विषय काढला की त्याचा पेशा किती पवित्र आहे हे त्यास ऐकविण्यात येते, आणि ऐकविणारा बहुधा पगार देणाऱ्याच्या बाजूचा असतो. तेव्हा हे वेतन म्हणजे विद्येचे मोल की विद्या सांभाळणाऱ्याचा योगक्षेम, याचा एकदा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

वेतन म्हणजे मोल, हे मत ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मोठ्या सडेतोडपणे मांडिले आहे. तो ऑक्सफर्ड येथे शिकला होता आणि ग्लासगो येथे प्राध्यापक होता. ग्लासगोस प्राध्यापकाच्या प्राप्तीचा काही भाग विद्यार्थ्यांच्या फीतून येई; ऑक्सफर्डास शिकविले काय, न शिकविले काय, वेतन ठरलेलेच असे. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांच्या आळसाचे मूळ त्याने नेमके येथेच दाखविले. या आक्षेपात तथ्य आहे, हे आम्हां प्राध्यापकांस प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. परंतु मोलाचे माप गिऱ्हाइकांच्या संख्येने ठरते. ते माप लाविले तर ज्या वर्गात संस्कृताचे वा तत्त्वज्ञानाचे पाचच विद्यार्थी बसतात तो वर्ग प्रथम बंद होईल, आणि जो प्राध्यापक विद्यार्थ्यास नापास करण्याचे धैर्य दाखवील तो उपाशी मरेल. ज्याचे खरे मोल विद्यार्थ्यास वीस वर्षांनी कळावयाचे, त्याची किंमत आज बाजारात कोण ठरविणार?

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण पुण्याचे आहे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढील वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. तेथील आजीव सभासद वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देत आणि महिना पाऊणशे रुपयांच्या वेतनावर राहत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. सरकारी नोकरीची वाट त्यांस मोकळी असताही ते परत येऊन याच वेतनावर रुजू झाले. या त्यागाचे गोडवे आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो. पण त्याचे दोन विशेष मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. पहिला असा, की तो त्याग स्वेच्छेचा होता. दुसरा असा, की हे आजीव सभासद कोणाचे चाकर नव्हते. संस्थेचा कारभार त्यांच्याच हाती होता. वेतनवाढीवरून व बाहेरील मिळकतीवरून त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले, आणि १८९० साली टिळक संस्थेबाहेर पडले, त्याच्या कारणांत हेही एक होते. तथापि तो बरोबरीच्या माणसांतील वाद होता. एकाने आज्ञा करावी व दुसऱ्याने पोट आवळावे, असा तो प्रकार नव्हता.

आता आजची स्थिती पाहावी. सातव्या वेतन आयोगानंतर जी श्रेणी ठरली तीत नव्या सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये व प्राध्यापकपदाचे १,४४,२०० रुपये झाले. महागाई भत्ता निराळा. हा योगक्षेम चांगला आहे. परंतु त्याच महाविद्यालयात, त्याच फळ्यापुढे, तीच पात्रता असलेला दुसरा एक अध्यापक 'तासिका तत्त्वा'वर उभा असतो. घेतलेल्या तासांपुरते त्यास मानधन मिळते. सुट्टीत मिळत नाही, आणि जे मिळावयाचे तेही पुष्कळदा महिनोन्‌महिने हाती पडत नाही. करारावरील अध्यापकास कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी देऊ नये आणि अशा नेमणुका एकंदर पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत लिहिले होते. पुढच्याच वर्षी त्याच आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी तासास १,५०० रुपये ठरविले व महिन्याची कमाल मर्यादा ५०,००० घातली. म्हणजे त्याच्या मानधनाचा कळस दुसऱ्याच्या पायाहूनही खाली राहिला!

या दोघांच्या प्राप्तीतील अंतर विद्वत्तेने पडलेले नाही, परिश्रमाने नाही, स्मिथच्या मापाने विद्यार्थ्यांच्या पसंतीनेही नाही. पद मंजूर होते की नव्हते, संस्थेस अनुदान आहे की नाही, भरती कोणत्या साली थांबली, एवढ्यावरच ते अवलंबून आहे. अशा माणसास कोणी आगरकर-गोखल्यांचा दाखला देऊ लागला म्हणजे तो त्या थोर पुरुषांचा अपमान होतो. त्याग हा करावयाचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचा नसतो. करवून घेतलेल्या त्यागास साध्या मराठीत पिळवणूक म्हणतात.

वेतन हे योगक्षेमच होय, या निर्णयाला आम्ही येतो. परंतु त्यातून आम्हां श्रेणीतील प्राध्यापकांवर एक ऋण चढते. आमचे वेतन आमच्या विद्येचे मोल असते तर ते मिळवून आम्ही मोकळे झालो असतो. ते निर्वाहाची चिंता मिटावी म्हणून दिलेले आहे. तेव्हा त्या निश्चिंतीचे आपण काय केले, हे समाज विचारू शकतो. जिवंत अध्यापन व व्यासंग हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. ज्याची नेमणूक वर्षावर्षाने होते तो शेजारचा अध्यापक तोंड उघडू शकत नाही. आम्ही उघडू शकतो. आमच्या संघटना आमच्या थकबाकीसाठी जितक्या निग्रहाने उभ्या राहिल्या तितक्याच त्याच्यासाठी राहिल्या काय, याचा जबाब आम्हीच आमच्या मनाशी द्यावयाचा आहे. एकाच शिक्षककक्षात, एकाच किटलीतला चहा घेत असता, तो जबाब फार दिवस लांबविता येणार नाही.