मृतांसाठी स्थापन झालेले कॉलेज

ऑक्सफर्ड विद्यापीठातील ऑल सोल्स कॉलेज १४३८ साली दोन कामांसाठी स्थापन झाले: विद्याभ्यास करणे आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करणे. संस्थापक होता कँटरबरीचा आर्चबिशप हेन्री चिचेली. राजा सहावा हेन्री सहसंस्थापक. कॉलेजच्या अधिकृत नावाचा अर्थच ‘सर्व दिवंगत श्रद्धावंतांच्या आत्म्यांचे कॉलेज’ असा आहे. ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची त्यांत राजा पाचवा हेन्री, त्याचा भाऊ ड्यूक ऑफ क्लॅरेन्स आणि फ्रान्सबरोबरच्या युद्धांत पडलेले इंग्लिश योद्धे यांचा खास उल्लेख होता. पदवीचे विद्यार्थी येथे आजही नाहीत. एक वॉर्डन, म्हणजे प्रमुख, आणि सुरुवातीला चाळीस फेलो, म्हणजे विद्वान सदस्य, एवढाच हा समाज. जिवंत माणसे मृतांचे काही देणे लागतात का, आणि लागत असतील तर ते फेडायचे कसे, हा प्रश्न कुटुंबात रक्ताच्या नात्याने परस्पर सुटून जातो. जिथे कोणी कोणाचे नातेवाईक नाही अशा छोट्या समाजात तो सुटत नाही, विचारावाच लागतो. ऑल सोल्सच्या जवळजवळ सहाशे वर्षांच्या इतिहासात त्याची उत्तरे बदलत गेली.

पहिले उत्तर मध्ययुगीन ख्रिस्ती श्रद्धेतून आले. पापक्षमा मिळालेला पण पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा मृत्यूनंतर शुद्धिस्थानात जातो, आणि जिवंतांच्या प्रार्थना, दानधर्म व मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) यांमुळे त्याचा तेथील काळ कमी होतो, अशी ही शिकवण होती. क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओडिलो याने दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरवला. वसईत आणि गोव्यात कॅथलिक कुटुंबे त्या दिवशी कबरी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात, ती याच परंपरेतून. श्रीमंत माणसे मृत्युपत्रात जमीन लिहून ठेवत आणि तिच्या उत्पन्नावर एखादा धर्मगुरू नेमून स्वतःसाठी कायमची मिस्सा लावून देत. ऑल सोल्स हे याच व्यवस्थेचे मोठे, विद्वान रूप होते.

त्यामुळे येथील रोजचे जगणे मृतांभोवती गुंफलेले होते. १४४३ च्या नियमांनुसार चाळीसपैकी चोवीस फेलो कला व ईश्वरविद्येचे, सोळा कायद्याचे. त्यांचे अध्ययन, चॅपेलमधील उपासना आणि एकत्र जेवण या तिन्ही गोष्टींना धार्मिक चौकट होती. उपकारकर्त्यांच्या मृत्यूच्या तिथी पाळल्या जात, त्या दिवशी त्यांचे नाव घेऊन मिस्सा होई. म्हणजे फेलोला मिळणारे अन्न, निवारा आणि पुस्तके हे एका सौद्याचे एक अंग होते. दुसरे अंग होते प्रार्थना. हा सौदा हिशेबी वाटला तरी त्यात एक मोठे औदार्य होते. ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याची भाषाही आपल्याला नीट कळली नसती, अशा माणसाच्या भल्यासाठी दररोज वेळ द्यायचा, हे त्यात गृहीत होते.

या औदार्याखाली युद्ध होते, हेही विसरता येत नाही. कॉलेजला मिळालेल्या जमिनींचा बराच भाग फ्रेंच मठांच्या इंग्लंडमधील शाखांचा होता. युद्धाच्या काळात राजसत्तेने त्या जप्त केल्या होत्या. शेक्सपिअरने ‘हेन्री द फिफ्थ’ या नाटकात आर्चबिशपला, म्हणजे चिचेलीलाच, राजाला युद्धाकडे वळवताना दाखवले आहे. तो नाट्यभाग आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. पण चिचेलीला मृत्यूचा विसर पडला नव्हता, हे कँटरबरीतील त्याच्या कबरीवरून दिसते. ती त्याने जिवंतपणीच बांधून घेतली. वर झगा-मुकुटासह आर्चबिशपची मूर्ती आहे आणि खाली त्याच माणसाचे उघडे, झिजलेले प्रेत. या कबरीची देखभाल ऑल सोल्स कॉलेज करत आले आहे.

मृतांना जिवंतांची कृती पोचते, या गृहीतकावर आक्षेप फार जुने आहेत. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या चौदाव्या शतकातील ग्रंथात चार्वाकांचा युक्तिवाद दिला आहे: श्राद्धाने मेलेला तृप्त होत असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी देण्याची गरजच उरत नाही. ख्रिस्ती परंपरेतही शंका होती. ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नोलाचा बिशप पॉलिनस याला उत्तर म्हणून मृतांची काळजी कशी घ्यावी यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. अंत्यविधीचा थाटमाट हा मृताला मदत करण्यापेक्षा जिवंतांचे सांत्वन करतो, असे त्याने त्यात म्हटले. प्रार्थना मात्र त्याने सोडली नाही. चार्वाकाने देणेच नाकारले, ऑगस्टिनने देणे ठेवून त्याचे रूप तपासले. पुढे ऑल सोल्सवर जो प्रसंग आला त्यात हा फरक कामाचा ठरतो.

सोळाव्या शतकात इंग्लंडचे राज्य प्रोटेस्टंट झाले. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा चालवणाऱ्या संस्था बरखास्त केल्या आणि त्यांची संपत्ती राजाकडे गेली. ऑक्सफर्ड व केंब्रिजची कॉलेजे त्यातून वगळली होती, म्हणून ऑल सोल्स वाचले. पण ज्यासाठी ते उभे राहिले ते कारण मात्र वाचले नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या एकोणचाळीस कलमांपैकी बाविसाव्याने शुद्धिस्थानाची शिकवण निराधार ठरवली. चॅपेलमधील वेदीमागच्या भिंतीतल्या मूर्ती फोडल्या गेल्या. ते कोनाडे पुन्हा मूर्तींनी भरले ते थेट १८७० च्या दशकात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात तर उपासनेची जुनी वस्त्रे व पात्रे टाकून द्यायला कॉलेज बराच काळ तयार नव्हते. यात निव्वळ हट्ट पाहणे अन्यायाचे होईल. शंभर वर्षे ज्या मृतांची नावे घेतली, त्यांना आता काहीच उपयोग नाही असे एका आज्ञेने मान्य करणे कोणत्याही समाजाला जड जाते.

या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर ऑक्सफर्डमधील कॉलेजांच्या उपासनेत उपकारकर्त्यांची नावे राहिली, पण वाक्यातील क्रियापद बदलले. पूर्वी ‘यांच्या आत्म्यासाठी’ मागणे होते. आता ‘यांच्याबद्दल’ देवाचे आभार मानले जाऊ लागले. वरवर हा बदल लहान दिसतो. त्याने ऋणाची दिशा मात्र फिरवली. आधी मृत गरजू होता आणि जिवंत दाता. आता जिवंत हा घेणारा ठरला आणि मृत देऊन गेलेला. भारतीय परंपरेत याला जवळची एक कल्पना आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, आणि त्यातील ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ऋषींना काही पाठवायचे नसते. त्यांनी दिलेले चालू ठेवणे हीच फेड. सुधारणेनंतरच्या ऑल सोल्सला उरलेले उत्तर जवळजवळ हेच होते. या दोन परंपरा तिथे प्रत्यक्ष शेजारी बसल्याही: सर्वपल्ली राधाकृष्णन १९३६ ते १९५२ या काळात पौर्वात्य धर्म व नीतिशास्त्राचे स्पॉल्डिंग प्राध्यापक म्हणून या कॉलेजचे फेलो होते, आणि १९७६ ते १९९१ बिमल कृष्ण मतिलाल त्याच पदावर होते.

अध्ययनाने ऋण फिटते हे मान्य केले तरी पुढचा प्रश्न उरतो. ज्याने ऋण घेतले ते कॉलेज आणि आजचे कॉलेज एकच आहे का? माणसे सगळी बदलली, धर्म बदलला, हेतू बदलला. या कोड्याचा विसाव्या शतकातील सर्वांत खोल विचार करणारा डेरेक पार्फिट आयुष्यातील बहुतेक काळ ऑल सोल्सचाच फेलो होता. ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या १९८४ च्या ग्रंथात तो एका क्लबचे उदाहरण देतो. क्लब बंद पडतो आणि काही वर्षांनी काही सभासद त्याच नावाने, त्याच नियमांनी क्लब सुरू करतात. हा जुनाच क्लब की तसाच दुसरा? सारी तथ्ये कळल्यावर या प्रश्नाला वेगळे उत्तर उरत नाही, असे पार्फिट म्हणतो, आणि माणसाबाबतही तो तेच सांगतो. महत्त्वाचे असते ते अभेद्य ‘मी’ नव्हे. स्मृती, हेतू आणि स्वभाव यांची जोडलेली साखळी महत्त्वाची. बुद्धाचे मत याला जवळचे आहे, हेही त्याने नोंदवले आहे.

साखळी कशी जोडली जाते याचे एक विलक्षण उदाहरण याच कॉलेजात आहे. इमारतीचा पाया खणताना तिथून एक मोठे रानबदक उडाले अशी आख्यायिका आहे. त्याचा शोध घेण्यासाठी फेलो शतकातून एकदा रात्री मशाली घेऊन मिरवणूक काढतात, निवडलेल्या ‘लॉर्ड मॅलर्ड’ला खुर्चीत बसवून फिरवतात आणि बदकाचे गाणे गातात. १९०१ साली हा मान कॉस्मो लँग यांचा होता; ते पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. २००१ साली तो ग्रीक साहित्याचे अभ्यासक मार्टिन वेस्ट यांच्याकडे आला. पुढची मिरवणूक २१०१ मध्ये. एका मिरवणुकीत चाललेला माणूस पुढच्या मिरवणुकीपर्यंत जगलेला नसतो. म्हणून हा विधी आठवणीवर चालत नाही. आधीच्यांनी लिहून ठेवले यावर आणि पुढचे ते पाळतील यावर असलेल्या विश्वासाने तो चालतो. रोजच्या उपासनेपेक्षाही तो स्पष्टपणे दाखवतो की संस्थेची स्मृती कोणा एका माणसाच्या डोक्यात नसते.

मग स्मरणात कोणाला घ्यायचे? चिचेली स्वतः जिथे शिकला त्या न्यू कॉलेजच्या चॅपेलमध्ये पहिल्या महायुद्धानंतर एक वेगळी पाटी लावली गेली. त्या कॉलेजात शिकून जर्मनीत परतलेल्या आणि जर्मनीकडून लढताना मेलेल्या तिघांची नावे तिच्यावर आहेत. इस्रायली तत्त्वज्ञ अविशाय मार्गालिट यांनी ‘द एथिक्स ऑफ मेमरी’ (२००२) मध्ये मांडलेला विचार इथे लागू पडतो: स्मरणाचे कर्तव्य घट्ट नात्यांत असते, आणि समाज घट्ट राहतो तो स्मरणामुळेच. एकाच टेबलावर जेवलेल्यांचे नाते सरहद्दीपेक्षा घट्ट ठरवणे हा निर्णय धाडसाचा होता आणि योग्यही.

ऑल सोल्सपुढचा प्रसंग याहून अवघड आहे. बार्बाडोसमध्ये जन्मलेला ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन या कॉलेजचा फेलो होता. १७१० साली मरताना त्याने ग्रंथालयासाठी दहा हजार पौंड आणि आपली पुस्तके ठेवली. निकोलस हॉक्समूरने आराखडा केलेले ते भव्य दालन त्या पैशातून उभे राहिले, आणि तो पैसा वेस्ट इंडीजमधील ऊस मळ्यांवर गुलामांच्या श्रमातून आला होता. उपकारकर्त्याचे आभार मानण्याचा विधी इथे अपुरा पडतो, कारण देणगी ज्यांच्या श्रमाची होती त्यांची नावे यादीत कधी आलीच नाहीत. मार्गालिट यांच्या कसोटीने ते कॉलेजच्या घट्ट नात्यात बसत नाहीत. पण मानवतेविरुद्धच्या घोर अत्याचारांचे स्मरण साऱ्या मानवजातीवर आहे, हेही मार्गालिटच सांगतात. शिवाय येथे नाते आहेच. ते दालनाच्या दगडांत आणि पुस्तकांत उतरलेले आहे.

कॉलेजने अलीकडे ग्रंथालयाच्या प्रवेशाशी या गुलामांच्या स्मरणाची पाटी लावली आहे. ती सामूहिक आहे. ज्यांची तिथी किंवा नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्रात सर्वपित्री अमावास्या पाळतात, आणि ‘सर्व दिवंगत’ हे चिचेलीचे सूत्रही अशाच अनाम मृतांना सामावणारे होते. पण तिथे विस्मृती काळाने आणलेली असते. इथे ती लादलेली आहे, म्हणून केवळ उल्लेखाने भागत नाही. बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टन कॉलेजला एक लाख पौंडांची मदत आणि कॅरिबियन देशांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या ही फेडीची सुरुवात आहे. २०२० पासून ग्रंथालयाला कॉड्रिंग्टनचे नाव लावणेही कॉलेजने थांबवले. त्याचा संगमरवरी पुतळा आत ठेवण्याचा निर्णय मात्र झाला, आणि तो बरोबर आहे. पुतळा हलवला असता तर पैसा कोणाच्या हातून आला हे दालनात दिसेनासे झाले असते, आणि दाराशी लावलेल्या पाटीचा अर्थ वाचणाऱ्याला लागला नसता.